कोणीही हात लावला नसताना

मी जात्याच तक्रारखोर आहे. दुधाची पिशवी गळकी आली, सोसायटीच्या पंपाचा आवाज बदलला, वीजबिलावर पत्ता चुकला, की मी वही उघडते. तारीख, वेळ, काय घडलं, कोणाशी बोलले, समोरच्याने काय उत्तर दिलं, सगळं लिहिते. पनवेलमध्ये निदान तीन कचेऱ्यांत मला दारात पाहिलं की माणसं चहाला निघून जातात. आई म्हणायची, "तुला देव भेटला तरी तू आधी त्याच्याकडे पावती मागशील." हे तिला बोलता येत होतं तेव्हाचं.

आई टायपिंगच्या क्लासची बाई. लाइन आळीत एका जिन्याशेजारच्या खोलीत तिने तीस वर्षं मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकवलं. नऊ यंत्रं, लाकडी बाकं आणि शाईच्या फितीचा वास. मिठागरं आणि भातशेती सोडून नोकरीच्या मागे लागलेली आजूबाजूच्या गावांतली किती तरी मुलंमुली तिच्या हाताखालून सरकारी परीक्षा पास झाली. डोळे कागदावर, बोटं जागेवर आणि एका अक्षराला एकच ठोका, हे तिचे नियम. घाबरून कोणी एक अक्षर दोनदा मारलं, तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी उभी असतानाही ओळखायची. "पुसू नकोस, कागद बदल," एवढंच म्हणायची.

क्लास बंद झाला, यंत्रं गेली. मी घरी बसून भाषांतराची कामं करते, त्यासाठी दोन वर्षांपूर्वी एक लॅपटॉप घेतला. दुकानातल्या माणसाने तो दोन बोटांवर तोलून दाखवला. इतका पातळ, की याच्यावर काम करायचंय की याने भाजी चिरायचीय, असं वाटावं. मला मात्र भुरळ पडली. घरी आणल्यावर आईने एक कळ दाबली, मग दुसरी, मग बोट उचलून त्याच्याकडे बघत राहिली.

"याला ठोका कुठाय?" ती म्हणाली.

"आता असेच असतात, आई. हलके."

"हलकं असू दे. पण कळीने बोटाला उत्तर द्यायला नको? अक्षर उमटलं की नाही हे बोटाला कसं कळायचं?"

मी हसले होते. त्या कळा खरोखर तांदळाच्या दाण्याएवढ्याही खाली जात नाहीत. कोणा तरी शहाण्याने ठरवलं, की यंत्र बारीक दिसायला हवं, मग माणसाच्या बोटांनी त्यात स्वतःचं काय ते बघून घ्यावं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

गेल्या वर्षी आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज शाबूत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं, "त्यांना सगळं कळतंय हे विसरू नका." पाटी दिली तर डाव्या हाताने रेघोट्याच उठत. मग एके दुपारी मी लॅपटॉपमध्ये जुन्या टाइपरायटरची मांडणी टाकून घेतली आणि तो पलंगावरच्या छोट्या टेबलावर ठेवला. आईने डावा हात त्यावर ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ गेल्यावर पडद्यावर आलं: पंखा कमी कर.

मी पंखा कमी केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ती लवकर दमायची. उजव्या हाताचा सगळा प्रांत डाव्याने सांभाळायचा म्हणजे काही कमी कष्ट नव्हेत. म्हणून तिनेच सोय लावली. ह म्हणजे हो, न म्हणजे नको. एक अक्षर, एक ठोका. मी एकच फाइल उघडी ठेवली होती आणि तिच्यातलं काही पुसत नव्हते. आमचं घर त्या दोन अक्षरांवर चाललं होतं.

मग दसरा आला.

क्लासमध्ये दसऱ्याचा दिवस मोठा असायचा. आदल्या दिवशी यंत्रं ब्रशने साफ करायची, सांध्यांत तेल सोडायचं. सकाळी प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता, आपट्याचं पान. कुंकू कळांवरून खाली सांडायचं, तळाच्या उघड्या सांगाड्यातून बाकावर पडायचं, दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं की झालं. तीस वर्षांत एकही यंत्र पूजेने बिघडलं नाही. यंदा सकाळीच आईने टाइप केलं: पूजा.

मी पाट मांडला, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि आई बघत होती म्हणून जरा जास्तच भक्तिभावाने चिमूट चिमूट हळदकुंकू वाहिलं. तिचे डोळे भरून आले. नंतर कळांच्या फटींत लाल रेघा दिसल्या, तेव्हा मी फुंकर मारली. पूड आत गेली. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं, म्हणून मीही खूश.

चार दिवसांनी दुपारी मी पोळ्या करत होते. आईकडे लक्ष द्यायला जवळच्या कोन गावाहून एक बाई येतात, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात नॅपकिन तसाच.

"ताई, जरा या. ती मशीन आपोआप लिवतेय."

"आई लिहीत असेल."

"आजीचा हात शालीत हाय. मी नाय हात लावला."

मी गेले. आई उशीला टेकून होती, हात शालीखाली, छातीवर. पडद्यावर स येत होता. एक, मग थोडं थांबून दोन, मग थांबायचं नावच नाही. ओळ भरली, दुसरी सुरू झाली. आवाज शून्य. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता आणि खोलीत त्या पांढऱ्या पडद्यावर कोणी तरी दम न घेता सससससस करत चाललं होतं. आई त्याच्याकडे बघत होती. घाबरून नव्हे. विद्यार्थ्याच्या मागे उभी राहून त्याची चूक मोजायची, तसं. मी झाकण मिटलं.

त्यानंतर हे रोजचं झालं. कधी स, कधी र, कधी कर्सर नुसताच रिकामी जागा सोडत पुढे सरकत राहायचा. ते सगळ्यांत वाईट. काही उमटत नाही, पण काही तरी चाललंय. पान सरायचं आणि नवं कोरं पान वर यायचं. कोनच्या बाई लॅपटॉपकडे पाठ करून बसेनाशा झाल्या. एकदा त्यांनी माझ्या देखत त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

"आमी असं बघितलंय ताई. कोनाचं तरी र्‍हायलेलं असतं सांगायचं."

"त्यात धूळ गेलीय," मी म्हणाले. पण मीही दुपारी त्या खोलीत एकटी थांबायचं टाळू लागले होते, हे कबूल करायला हवं.

मी अर्थातच वही उघडली. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केले. तिकडून हिंदीत सांगायचे, मॅडम, रीस्टार्ट करके देखिए. मी म्हणाले, माझी आई याच्यावर बोलते. तो म्हणाला, तो टाइपिंग में इशू है ना मॅडम? वाशीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले, तिथे कळलं की एक कळ बदलता येत नाही, कीबोर्डही वेगळा बदलता येत नाही. सगळा वरचा भाग बॅटरीसकट चिकटवलेला असतो, तो पूर्ण बदलायचा. आमच्या क्लासमध्ये कळ तुटली तर आई चिमट्याने ती बदलायची आणि विद्यार्थ्याचा धडाही पुरा व्हायचा. मी हे तिथल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "डिझाइनच तसं आहे, मॅम." आणि विचारलं, "यात काही सांडलं होतं का?"

"छे," मी म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवलं. पूजा केली म्हटलं असतं तर वॉरंटी गेली असती.

तीच मुलगी म्हणाली, की दोष मधूनच येतो, इथे दिसत नाही, तेव्हा घडेल तेव्हा नोंद ठेवा. कोणत्या वेळी, कोणतं अक्षर, किती वेळा. आणि त्या वेळी कोणी कीबोर्डला हात लावला नव्हता हे लिहा, तरच केस उभी राहील.

नोंदी ठेवायला मला कोणी सांगायची गरज होती का? मी दर वेळी लिहू लागले. अक्षर, वेळ, संख्या, आणि शेवटी ते एक वाक्य. पहिल्या दोनतीनदा खरंच डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे स्वयंपाकघरातून, बाल्कनीतून, बाजारातून यायचे, फाइल बघायचे, नवीन अक्षरं मोजायचे आणि लिहून टाकायचे. तक्रार जोरकस व्हायला हवी ना! स, नऊ वेळा. र, एकवीस वेळा. न, चार वेळा. न, पाच वेळा. स, दीड पान.

कोनच्या बाई एकदा म्हणाल्या, "ते न-बिन मला नाय म्हाईत ताई. ते आजीला इचारा." मी नोंद पूर्ण करत होते. मी मान हलवली.

आणि गोष्ट अशी झाली, की आईने काही विचारलं-सांगितलं तरी मी आधी यंत्राकडे संशयाने बघू लागले. चहा देऊ का? न न न. मी म्हणायचे, बघा, सुरू झालं. आणि चहा द्यायचे. ती तोंड फिरवायची. मला वाटायचं, तीही या यंत्राला वैतागलीय.

दिवाळीच्या आधी तिला गिळताना ठसका लागू लागला. छातीत कफ झाला, ताप आला. डॉक्टर घरी आले. म्हणाले, अन्न श्वासनळीत जातंय, नाकातून नळी घालावी लागेल, त्यातून खायला द्यायचं. "पण त्यांना विचारून घेऊ." भला माणूस. ते पलंगावर बसले आणि आईला सगळं सावकाश समजावलं. नळी कशी असते, काय त्रास होतो, नाही घातली तर काय होऊ शकतं. मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि गादीखाली उशी लावायला वाकले. शेजारी फोन वाजला, तो बंद करायला वळले. परत बघितलं तर आईचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि पडद्यावर होतं:

नननननननननन न

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, "त्याकडे लक्ष देऊ नका डॉक्टर, तो कीबोर्ड खराब आहे. आपोआप अक्षरं येतात. माझ्याकडे नोंदी आहेत."

मी वही आणून दाखवलीसुद्धा. त्यांनी दोन पानं चाळली आणि मान हलवली. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, मला वाटलं ती तापात आहे. मी तिचा हात धरून म्हणाले, "थोडे दिवसच ठेवू हं, आई." डॉक्टरांच्या नर्सने संध्याकाळी नळी घातली. ते बघवत नाही. ते मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नळी ओढून काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. मग नर्स म्हणाली, असंच करतात, हात बांधावा लागेल. मऊ बँडेज घेऊन तिचा डावा हात पलंगाच्या कठड्याला बांधला. चालणारा तो एकच हात. गाठ मी मारली, नर्सपेक्षा मला चांगली येते म्हणून. आणि हात बांधलाच आहे, तर लॅपटॉप तसाही रिकामा पडलाय, तेवढ्यात दुरुस्त करून घेऊ, असा हिशेबी विचार मी केला. कामसू बाई ना मी!

वाशीचा नाद सोडला. उरण नाक्याजवळ एक वयस्कर दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्या वडिलांनी एके काळी आईच्या क्लासचे टाइपरायटर दुरुस्त केले होते. ते वरचा भाग कुठून तरी मिळवतो म्हणाले. दहा दिवस लागले. ते दहा दिवस घरात अगदी शांत होते. यंत्र नव्हतं तरी दुपारी मला त्या खोलीकडे जावंसं वाटत नसे. दारातून बघायचे. आईची बांधलेल्या हाताची बोटं चादरीवर हलत असायची. एक बोट. वर, खाली. वर, खाली. कोनच्या बाई म्हणाल्या, "आजी काय तरी म्हणतेय, ताई." मी म्हणाले, ती सवय आहे, टायपिंगची बाई होती ना.

अकराव्या दिवशी दुकानात गेले. लॅपटॉप तयार होता. जुना कीबोर्ड त्यांनी टेबलावर उघडून ठेवला होता, तीनचार कळांवरच्या टोप्या काढलेल्या.

"ताई, पूजा केली होतीत ना?" ते हसून म्हणाले. "आमच्या अब्बांना दर दसऱ्याला तुमच्या अम्मीकडून पेढे यायचे. मी बघूनच समजलो."

खाली लाल पूड होती. कळीखालच्या नाजूक पात्यांत घट्ट बसलेली, ओलसर, काळपट. स च्या खाली, र च्या खाली, आणि रिकामी जागा सोडायच्या लांब पट्टीच्या खाली दोन्ही टोकांना.

"हे तीन खराब. बाकी सब अच्छे." त्यांनी तारा जोडून दाखवलं. जुन्या कीबोर्डवर एकेक कळ दाबत गेले आणि त्यांच्या पडद्यावर अक्षरं येत गेली. स ला हात न लावता तो पळत सुटला.

"आणि न?" मी विचारलं.

त्यांनी न ची टोपी काढली. आत काही नव्हतं. पात्या नव्यासारख्या. त्यांनी ती कळ दाबली. एक न आला. वीसतीस वेळा दाबली. दर दाबाला एकच.

"हे बटण बिलकुल साफ आहे, ताई. याची शिकायत कधी नव्हतीच."

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं. मला आईचा जुना प्रश्न ऐकू येत होता, अक्षर उमटलं की नाही हे बोटाला कसं कळायचं? तिला डोळे मिटून लिहायची सवय. कळ उत्तर देत नव्हती, मी देत नव्हते. म्हणून एका अक्षराला एकच ठोका शिकवणाऱ्या माझ्या आईने तोच तोच ठोका पुन्हा पुन्हा मारला होता.

घरी आले. आधी गाठ सोडली. मनगटावर वळ उठला होता. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, फाइल उघडली, तिचा हात उचलून कळांवर ठेवला आणि तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. "आई, ते सगळे न तुझे होते. मला आता कळलं. नळी काढू का? सांग. या वेळी मी ऐकते."

तिची बोटं आपापल्या जागी बसली, शिकवायची तशी, किंचित वाकलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघत होते. कर्सर लुकलुकत होता. नवा कीबोर्ड, निर्दोष, शिकाऊ बोटानेही चालावा असा. शेजारच्या घरात दिवा लागला, कोनच्या बाई चपला घालून दारात थांबल्या होत्या, त्या गेल्या नाहीत. एकही अक्षर आलं नाही. मग तिने हात उचलला आणि शालीखाली नेला.

मी डॉक्टरांना फोन करून नळी काढायला लावली. त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. चमच्याने पेज घ्यायची, दोन चमचे, तीन चमचे, ठसका लागायचा. तोंड उघडलं की हो, मिटलं की नको. लॅपटॉप मी रोज समोर ठेवायचे. तिने पुन्हा त्याला बोट लावलं नाही.

हे मी त्याच्यावरच लिहिते आहे. वही शेजारी उघडी आहे. नोंदी माझ्या अक्षरातल्या, सुवाच्य. आता वेळा बघून मला सांगता येतं, कुठला न कशाचा. सकाळी सव्वाआठ, चहा. दुपारी साडेबारा, मी जबरदस्तीने कूस बदलली. संध्याकाळी सहा, पाहुणे तिला बघायला आले तेव्हा. एकेक करून सगळे लागतात. शेवटची नोंद डॉक्टर गेल्यावर केलेली आहे. दुपारी चार. न, अकरा वेळा. आपोआप. कोणीही हात लावला नसताना.